एकशे चार आणि एकशे एक

"मग आता माझं शिकायचं राहिलं काय, बाबा?"

विचारता विचारता मठातल्या तरुण शिष्याने, सोमगिरीने, उजवा तळहात पुढे केला. त्या हाताचा पंचक्रोशीत बोलबाला होता. लेकराच्या कपाळाला लावायचा आणि तापाचा आकडा सांगायचा. थर्मामीटरने पडताळणारे खजील होत.

धोंडगिरी बाबा तांदूळ निवडत होते. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

तेवढ्यात मठात दोघी बाया आल्या, दोघींच्या कडेवर तापलेली लेकरं.

चार वर्षांची राही किंचाळत होती. आल्या आल्या तिने बाबांची दाढी ओढली.

"रातभर नुस्ता ताप दिलाय कार्टीनं," तिची आई म्हणाली. "पाणी दे, गोष्ट सांग, ही गोधडी नगं, ती दे..."

दोन वर्षांचा लिंबा आईच्या खांद्यावर डोकं टेकून होता.

"माझा लई गुणाचा," त्याची आई कौतुकाने म्हणाली. "कालधरनं रडलाबी न्हाई."

सोमगिरीने दोन्ही कपाळांना हात लावला.

"राही एकशे चार. लिंबा एकशे एक."

थर्मामीटरही तेच म्हणाला. सोमगिरीची मान आधीच ताठ होती, आणखी ताठ झाली.

बाहेर तालुक्याला जाणारा दुधाचा टेम्पो हॉर्न देत होता. पुढे जागा एका आईची आणि एका लेकराची. दुसरी खेप दोन तासांनी.

"राहीला बसवतो," सोमगिरी म्हणाला. "तिला तीन जास्त आहे."

बाबांनी एक बत्तासा लिंबाच्या डोळ्यांपुढे धरला.

लिंबाने पाहिलंच नाही.

राहीने बत्तासा हिसकावला.

बाबा उठले. "लिंबाला बसव."

"पण बाबा, आकडा..."

"बसव म्हणतो ना!"

बाबा एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. लिंबाच्या आईचा चेहरा उतरला.

"पर त्यो तर काय तरासच देत न्हाई, बाबा..."

"म्हणूनच, बाई. पळ."

मग ते राहीच्या आईकडे वळले. "हिला घोट घोट पाणी पाज. पुढच्या खेपेला हीही जाईल. हिचा दंगा थांबला, तर खेपेची वाट बघायची नाही."

सोमगिरी मागे दुधाच्या कॅनांमध्ये उभा राहून लिंबाबरोबर गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी लिंबाची मान पुढे वाकवून पाहिली, ती वाकेना. त्याला उचलून ते आत धावले. बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"इन्फेक्शन मेंदूपर्यंत पोचलं होतं. दोन तास आणखी गेले असते तर..."

सोमगिरीने आपला उजवा हात उपरण्यात लपवला.

पंधरा दिवसांनी लिंबाची आई मठात आली. राही तर केव्हाच बरी होऊन गावभर हुंदडत होती. लिंबाने कडेवरून उडी घेतली आणि बाबांनी निवडलेल्या तांदळाचं सूप उपडं केलं.

"बघा की बाबा! घरी आल्यापास्नं लई ताप द्यायला लागलाय!"

'ताप' ऐकताच सवयीने सोमगिरीचा हात लिंबाच्या कपाळाकडे गेला.

बाबांनी तो वाटेतच धरला.

"राहू दे. हा उतरवायचा नसतो."