तंबोऱ्याचा भोपळा आणि चिंगी उंदरीण

एका गवईबुवांच्या घरी फार पूर्वी एक तंबोरा होता, आणि त्याचा भोपळा पार वैतागून गेला होता. गाणं ऐकलं की बुद्धी वाढते, असं चिंगी उंदरणीला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज रियाजाच्या वेळी पिल्लांना भोपळ्यामागे ओळीत बसवायची. बीळ कोरणं बंद, पळापळ बंद. तबल्यावर सम आली की पिल्लांनी डोळे मिटून मान डोलवायची, की आई खूश.

"अगं, त्यांना मांजराची चाहूल ओळखायला शिकव," भोपळा म्हणायचा.

"आधी बुद्धी वाढू दे, मामा. मग सगळं आपोआप येईल."

एका सकाळी सम आली, पिल्लांनी डोळे मिटले आणि फडताळावरून मांजरीने झेप घेतली. बुवा ओरडले म्हणून पिल्लं वाचली, पण धाकट्याचं शेपूट गेलं.

चिंगी रडत म्हणाली, "गाणं कमी पडलं का हो, मामा? संध्याकाळीही बसवू का?"

भोपळ्याला हात असते, तर त्याने कपाळावर मारून घेतले असते.

"बाई, मी चाळीस वर्षं गाण्याला चिकटून आहे," तो म्हणाला. "एकदा मला वाजवून बघ, आत काय साठलंय ते."