टिटवी आणि तीन पायांचा कॅमेरा

माणसं नुकतीच गळ्यात कॅमेरे अडकवून जग बघायला निघाली होती, त्या काळातली गोष्ट. आटत चाललेल्या एका तळ्याकाठी टिटवी खड्यांतल्या अंड्यांवर बसली होती. तिला पहिल्यांदा खटकली ती एक सावली. ती आली आणि गेलीच नाही.

झुडपाआड तीन पायांवर कॅमेरा उभा होता, मागे त्याचा हौशी मालक. टिटवी दचकून उठली आणि पंख मोडल्याचं सोंग करत, लंगडत अंड्यांपासून दूर निघाली. कोल्हा असता तर हमखास मागे आला असता. कॅमेरा जागचा हलला नाही.

"तुला भूक नाही का रे?"

"छे! मी फक्त बघतो. देशोदेशी फिरलोय, वितळणारा बर्फही पाहिलाय. तुझं दुःख जगाला दाखवीन."

"जगाला नंतर दाखव. आधी जा ना! तुझ्यासमोर मी घरट्यात कशी जाऊ? अंड्यांवर ऊन आलंय."

"एवढा एकच फोटो. पुन्हा लंगड बघू."

खडे तापले. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडू लागली. चिखलातल्या म्हशीने बगळ्याला सांगितलं, "टिटवी ओरडणं म्हणजे अपशकुन, बाबा. आपण कान देऊ नये." बगळ्याने मान फिरवली. कॅमेरा टिपत राहिला.

घसा सुकला तरी ती हाका मारत राहिली आणि शेवटी कोणीतरी ओ दिली. आवाज बारीक होता, कवचाच्या आतून येत होता.

"आई, फार भाजतंय गं."