गुट्टूची झेंडूची छत्री

हिरव्या जाळीचं एक घर होतं. घरात माणसं नव्हती, रोपंच रोपं होती. सगुणामावशी त्यांना पाणी घालायची. झुळुझुळु, झुळुझुळु.

एका रोपाखाली राहायचा गुट्टू. गुट्टू म्हणजे इवलासा बेडूक. रोप होतं झेंडूचं, चिमुकल्या कुंडीतलं. पानं पसरून उभं असायचं. गुट्टू म्हणायचा, “ही माझी छत्री!”

एकदा गुट्टूला वाटलं, छत्री बाहेर न्यावी. अंगणात मिरवावं. दारात मावशीच्या चपला होत्या. त्यातली एक गुट्टूनं ओढली. चपलेत बसवलं रोप, आणि दिलं ढकलून. घसर घसर, घसर घसर! अंगणात आली गाडी.

बाहेर भर दुपारचं ऊन. चर्रर्र! रोपाची पानं लोंबली. रोपानं मान टाकली. छत्री मिटली!

गुट्टू रडकुंडीला आला.

“रोपा रोपा, मान वर कर!”

रोप म्हणालं, “ऊन लागलं रे गुट्टू. टोपली माझ्यावर बसेल, तर मान वर करीन.”

गुट्टू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

खांबाला टांगली होती बांबूची टोपली.

“टोपली टोपली, ऐक ना!
छत्री माझी मिटली,
रोप मान वर करेना.
तू रोपावर बस!”

टोपली म्हणाली, “मी इथं लटकलेय. दोरी मला सोडेल, तर बसेन.”

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गुट्टू चढला खांबावर.

“दोरी दोरी, ऐक ना!
छत्री माझी मिटली,
रोप मान वर करेना,
टोपली रोपावर बसेना.
तू टोपली सोड!”

दोरी म्हणाली, “कशी सोडू? ही सगुणामावशीची गाठ! मावशीलासुद्धा सुटत नाही. उंदीरमामा मला कुरतडेल, तर सोडीन.”

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बिळात उंदीरमामा मिशा पुसत होता.

“मामा मामा, ऐक ना!
छत्री माझी मिटली,
रोप मान वर करेना,
टोपली रोपावर बसेना,
दोरी टोपली सोडेना.
तू दोरी कुरतड!”

उंदीरमामा म्हणाला, “उपाशीपोटी? छे छे! सगुणामावशी भाकरी देईल, तर कुरतडीन.”

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पडवीत सगुणामावशी जेवून आडवी झाली होती. घुर्र घुर्र!

“डराँव! मावशी मावशी, ऐक ना!
छत्री माझी मिटली,
रोप मान वर करेना,
टोपली रोपावर बसेना,
दोरी टोपली सोडेना,
उंदीरमामा दोरी कुरतडेना.
तू भाकरी दे!”

मावशीनं एक डोळा उघडला. “देते की रे बाळा. पण माझी एक चप्पल कुठं गेली? अनवाणी बाहेर कशी येऊ? एवढ्या उन्हात पाय भाजतील ना! चप्पल मिळेल, तर उठीन.”

चप्पल?

चप्पल तर रोपाखाली. आणि नेली कुणी? गुट्टूनं!

गुट्टूला फार वाईट वाटलं. मावशी एवढी मोठी, तरी तिचे पाय भाजतात. रोप तर एवढंसं! आणि त्यानं कधी ऊनच पाहिलं नव्हतं.

“मावशी, मीच नेली गं! आत्ता आणतो!”

टुणुक टुणुक टुणुक टुणुक टुणुक! रोप ठेवलं खाली. चप्पल आणली ओढत. घसर घसर, घसर घसर!

मग काय!

चप्पल मिळाली, मावशी उठली.
मावशीनं भाकरी दिली.
उंदीरमामानं भाकरी खाल्ली, दोरी कुरतडली. कुरूम कुरूम!
दोरीनं टोपली सोडली. धप्प!
टोपली आली गरगर गरगर, रोपावर बसली. टोप्प!

आणि रोपानं मान वर केली?

नाही केली.

गुट्टूच्या डोळ्यांत पाणी आलं. “मावशी, माझी छत्री गेली का गं?”

“नाही रे वेड्या. थांब जरा.” मावशीनं रोपाला पाणी घातलं. झुळुझुळु. टोपलीच्या फटींतून ऊन आलं, ठिपके ठिपके, चिमुकले ठिपके. गुट्टू टोपलीखाली शिरला. रोपाजवळ बसून राहिला. ऊन उतरलं. वारा आला गार गार.

आणि मग रोपानं हळूच मान वर केली. हळूच, हळूच, हळूच!

“डराँव!” गुट्टू टुणकन उडाला. टोपलीला डोकं आपटलं. ठक्क!

मावशी हसली. “जाळीतलं रोप लाडात वाढलेलं. त्याला एकदम नाही बाहेर न्यायचं. उन्हाची सवय करायची, थोडी थोडी.”

मग रोज सकाळी मावशी रोप बाहेर ठेवायची. गुट्टू राखण करायचा.

आज जरासं ऊन. मग टोपलीखाली.
उद्या जरासं ऊन, जरासा वारा. मग टोपलीखाली.
परवा थोडं ऊन, थोडा वारा. मग टोपलीखाली.
असं करत करत रोपाचं खोड झालं जाड. पानं झाली टणक. मग एका संध्याकाळी मावशीनं रोप अंगणातल्या मातीत लावलं.

टोपली पुन्हा खांबाला गेली. मावशीनं गाठ मारली. घट्ट!

रोप वाढलं. कळी आली. कळीचं फूल झालं, केशरी केशरी.

पुन्हा भर दुपार. पुन्हा ऊन चर्रर्र! मावशी दोन्ही चपला घालून अंगणात आली. झेंडूखाली वाकून बघते तर काय, गुट्टू पाय पसरून बसलेला.

“काय रे गुट्टू, पाय भाजत नाहीत ना?”

गुट्टूनं वर बघितलं. रोपाची मान ताठ. छत्री उघडी.

“नाही गं मावशी,” गुट्टू म्हणाला. “तुला चप्पल, मला छत्री!”