बोंडखेडचा उकंडा आणि पूजेतला बंब

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोंडखेडात तेव्हा मोटार आली नव्हती, वीज आली नव्हती, पण कापूस मात्र मायंदाळ होता. दसरा जवळ आला की गाव पांढरं व्हायचं. रस्त्यात बैलगाड्यांच्या रांगा, अंगणाअंगणात कापसाचे ढीग, जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आढ्याला टेकलेली रुई. वारा सुटला की कापूस उडून माणसांच्या भुवयांवर बसायचा. अशा गावाला आगीची भीती नसावी का? होती. पण ती एकट्या उकंडाला होती. बाकीच्यांना उकंडा होता.

उकंडा भोयांच्या वस्तीतला. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं आणि उचललं. तेच नाव पडलं. गावाचा बंब त्याच्या ताब्यात होता. बंब म्हणजे चार चाकांवरची लोखंडी टाकी, दोन्ही अंगांना पंपाचे लांब दांडे आणि मागं गुंडाळलेला कातडी नळ. ओढायला, दांडे मारायला भोयांचीच माणसं. त्यांचा मुकादम उकंडा.

सकाळी उठला की तो आधी टाकीत हात घालून पाणी पाही. मग नळाला एरंडेल चोळी, चाकांना वंगण घाली आणि गावात फिरायला निघे. रस्त्यात गाडी आडवी दिसली की स्वतः ढकलून बाजूला करी. वारा वाढला की उघड्यावरच्या चुली विझवायला लावी. जिनच्या फाटकावर उभा राहून प्रत्येकाच्या खिशातली काडेपेटी काढून घेई, मालकाचीसुद्धा. संध्याकाळी बंब बाजारातून पळवत नेऊन कवायत करवी. लोक वैतागत. पोरं मागून ओरडत,

आग नाई, धूर नाई,
उकंड्याले झोप नाई!

असं म्हणतात, की त्याला आग लागायच्या आधी वास यायचा. एका लग्नात तो सरळ मांडवात घुसला आणि आचाऱ्याचं भरलं पातेलं त्यानं बाजूला सारलं. खालच्या गोणपाटात निखारा धुमसत होता. आचाऱ्यानं त्याला शिव्या घातल्या. आभार कोणी मानले नाहीत. न लागलेल्या आगीचे आभार कोण मानतो?

मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं पूजेत बसतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. बोंडखेडात त्याचा नेम फार कडक होता. वखर असो, कातर असो, एकदा लाल धागा बांधला की दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत कोणी त्याला बोट लावायचं नाही. लावलं तर देवीचा कोप. त्या साली जिनचे मालक आणि गावचे अध्यक्ष भैयासाहेब देशमुख यांच्या मनात आलं, की बंबसुद्धा हत्यारच. तोही देवीच्या देवळात, उंच ओट्यावर, झेंडूच्या माळा घालून बसवावा.

उकंडा हात जोडून म्हणाला, "भैयासाहेब, पूजा करा, म्या नाई म्हणत नाई. पन बंब खाली राहू द्या. अन टाकी भरेल राहू द्या."

"भरल्या टाकीनं तो ओट्यावर चढन काय रे? रिकामी कर."

"आगीले सण नसते, मालक."

"एक दिवस तुह्या बंबानं आराम केला तं आभाळ नाई कोसळत! तूबी बस. पुरणपोळी खा."

सगळे हसले. उकंडाची माणसंसुद्धा हसली. त्यांनाही सण हवा होता. टाकीतलं पाणी देवळामागं ओतून दिलं. पाणी मातीत जिरताना उकंडा पाहत राहिला. आपल्याच अंगातलं रक्त कोणी सांडतंय, असं त्याला झालं.

तिकडं जिनातही पूजा मांडली होती. सरकी काढायच्या रेच्यांना धागे बांधले होते आणि त्यांच्यापुढं नंदादीप लावला होता. तो विझता कामा नये, वारा लागू नये, म्हणून दारं लावून घेतली होती आणि दिवा राखायला जिनच्या कामकरी बायका आत बसवल्या होत्या. नीट ऐका. रुईनं भरलेलं जिन, आत पेटता दिवा आणि बंद दारं. आणि हे सगळं भक्तीनं केलेलं.

उकंडा फाटकावर गेला. म्हणाला, "मले फक्त दिवा पाहू दे."

पहारेकरी म्हणाला, "आज तुह्य काय काम इथं? सोवळ्यातली पूजा हाय. चाल, हो बाजूले."

उकंडा फाटकाबाहेरच्या दगडावर बसून राहिला. आतून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. ऊन कलत होतं. त्यानं डोळे मिटले आणि नाक वाऱ्याकडं केलं. एकदा वास आला, वाटलं धूप असेल. पुन्हा आला. हा धूप नव्हता. गाणं मध्येच तुटलं.

तो धावत देवळात पोचला तेव्हा पंगती बसल्या होत्या.

"जिन पेटलं! बंब उतरवा!"

लोक उठले आणि बंबाजवळ येऊन थबकले. चाकाला लाल धागा होता. पुजारी म्हणाले, "उकंडा, सोनं लुटल्याशिवाय पूजेतलं हत्यार हलत नाही. घागरी घ्या, बादल्या घ्या."

"महाराज, आत बाया हायत! बादल्यानं काय होते?"

कोणी हललं नाही. दांड्यावरचा त्याचा पहिला गडी सुखदेव मान खाली घालून पुटपुटला, "उकंडाभाऊ, माही लेकरं लहान हायत. देवीचा कोप झाला तं..."

"तुही बायको कुठं हाय, सुखदेवा?"

सुखदेवानं वर पाहिलं. त्याची बायको सकाळीच दिवा राखायला गेली होती.

तरीही त्याचा हात धाग्याकडं जाईना. भीती अशीच असते. ती जळत्या माणसापेक्षा जवळची वाटते. उकंडाच्या मनात राग उसळला, पण रागावत बसायला वेळ नव्हता. धूर देवळाच्या शिखरामागून वर चढत होता. त्यानं चाकावर डोकं टेकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माय, शिक्षा मले दे. एकट्याले दे."

आणि त्यानं धागा तोडला.

असं म्हणतात, की तो बंब हलवायला एरवी सगळी भोई वस्ती लागायची. त्या दिवशी उकंडानं तो एकट्यानं ओट्यावरून खाली आणला. पायऱ्यांचे दगड फुटले, पण चाक निखळलं नाही.

पण टाकी रिकामी होती. देवळातून भैयासाहेबांची म्हातारी आई बाहेर आली. तिला सगळे मोठ्याबाई म्हणत. तिच्या हातात नवरात्राचा कलश होता.

भैयासाहेब ओरडले, "आई! घटाचा कलश हाय तो!"

"भैया, दूर हो," मोठ्याबाई म्हणाल्या. त्यांनी कलश टाकीत उपडा केला. "घे रे उकंडा. देवीनंच देल्लं समज."

असं म्हणतात, की त्या एका कलशानं टाकी काठोकाठ भरली. कोणी म्हणतं तसं नाही. मोठ्याबाईंनी ओतलेलं पाहून गावाची भीड मोडली आणि विहिरीपासून हातोहात घागरी आल्या. तुम्हाला पटेल ते धरा. टाकी भरली, एवढं खरं.

मग बंब धावला. आता ओढायला सगळे होते. सुखदेव सगळ्यात पुढं होता आणि रडत ओढत होता. रस्त्यात सणाच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या. एरवी बाजूला करणारा माणूस त्या दिवशी फिरलाच नव्हता. लोकांनी त्या गाड्या उलथवून टाकल्या.

जिनचं दार फोडलं तसा आतून काळा लोट आला. उकंडानं अंगावर पाणी ओतून घेतलं, नळाची पितळी तोटी हातात धरली आणि तो आत शिरला. बाहेर सुखदेव दांडा मारत होता, वर-खाली, वर-खाली, तळहाताची साल निघाली तरी. आतून उकंडाचा आवाज येत होता, "नळ धरा! डोळे मिटा, नळाले हात लावून चाला! नळ सोडू नका, बायांनो!"

आणि धुरातून बायका बाहेर येऊ लागल्या. नळाला धरून, वाकून, खोकत, एकीचा पदर दुसरीच्या मुठीत. सुखदेवाची बायको आली. सर्वांत शेवटी म्हातारी कौतिकाबाई आली. तिच्या केसांतून धूर निघत होता.

"अन उकंडा?" सुखदेवानं विचारलं.

"माह्या मागंच हाय," ती म्हणाली, आणि छप्पर बसलं.

माणसांचे हात दांड्यांवरून गळाले. पंप थांबला. पण नळ थांबला नाही. असं म्हणतात, की तो फुगलेलाच राहिला, जिता असल्यासारखा थरथरत राहिला, आणि आतून कुठूनतरी पाण्याचा फवारा चालूच राहिला. आग जिनची भिंत ओलांडू शकली नाही. शेजारी भोयांची वस्ती होती, पलीकडं अख्खा बाजार होता. एक गवताची काडीही जळली नाही. शेवटचा निखारा विझला तेव्हाच नळ जमिनीवर निजला.

राखेत उकंडा सापडला नाही. हाड सापडलं नाही, हातातलं कडं सापडलं नाही. सापडली ती पितळी तोटी. सुखदेवानं ती भीत भीत उचलली. ती थंडगार होती.

देवीचा कोप झाला का, असं कोणी विचारलं तर बोंडखेडची माणसं विचारणाऱ्याला न जळलेली भोयांची वस्ती दाखवतात.

आता तिथं मोटारीचा बंब आहे. खंडेनवमीला गावातली सगळी हत्यारं पूजेत बसतात, पण बंब बसत नाही. त्याला धागा बांधत नाहीत. त्याच्या पुढ्यात नारळ फुटतो तेव्हा टाकी भरलेली असते, चालक जागेवर असतो आणि इंजिन चालू असतं. पुजाऱ्यालाही मंत्र मोठ्यानं म्हणावे लागतात.

आणि कापसाच्या जागेत, नव्या जिनातसुद्धा, पूजेपुढचा दिवा आरती होताच विझवतात. बाहेरगावाहून आलेली एखादी नवी सून हात मागं घेते, "पूजेतला दिवा कसा विझवू, आत्याबाई?" म्हणते. सासू तिचा हात धरून वातीवर नेते.

"विझव, बाई. उकंडाजीच्या नावानं विझव."

सून वात दाबते. मग सासू वाकून ती वात स्वतः चिमटीत धरून पाहते, आणि त्यानंतरच जिनचं दार ओढून घेते.