ओल्या साच्याची घंटा

एका राज्यात समुद्रावर मायावी धुकं उतरायचं, आणि राजाची घंटा वाजली की विरून जायचं. घंटा वाजली नाही, तर धुक्यातली गलबतं धुक्यातच राहायची. ती घंटा घडवणारे दोघे होते: साचा करणारा तुळाजी आणि धातू ओतणारा गोंदाजी.

एकदा राजाने खूश होऊन शाल दिली. गोंदाजीने ती एकट्यानेच पांघरली, साच्याचं नावही काढलं नाही. तुळाजीला फार लागलं. पण तोंडाने बोलेल तर शपथ! त्याने अबोला धरला. दोघांच्या मधे एक अंगण, आणि निरोप न्यायला दरबारची बोलकी मैना. ती वावगा शब्द म्हणून चोचीत धरायची नाही.

जुनी घंटा झिजली, नवी ओतायची ठरली. तुळाजी मैनेला म्हणाला, "सांग त्या शालवाल्याला, साचा ओला आहे. आज ओतशील तर तोंडघशी पडशील!"

मैनेने रागासकट सगळंच गिळलं. "तुळाजीबाबांनी नमस्कार सांगितलाय," म्हणाली. गोंदाजीने धातू ओतला, घंटा तडकली. त्याच दिवशी धुकं उतरलं, आणि गलबतावर गेलेला तुळाजीचा मुलगा येसबा त्यातच अडकला.

अरे, नुसतं अंगण ओलांडायचं होतं रे!

पुढे ओतलेली प्रत्येक घंटा मुकीच निघाली. येसबाची आई सगुणा रोज किनाऱ्यावर उभी राहायची. वर्षं गेली, आणि वाट बघता बघता ती गेली. तेव्हा कुठे दोघे म्हातारे धुक्याच्या जादूगारणीकडे गेले.

ती म्हणाली, "मनातलं तोंडावर बोला. समोरच्याचं पुरतं ऐका. मग दोघांचा मिळून एकच हात असल्यासारखं ओता."

बोलणं एकवेळ जमलं. ऐकताना मात्र तुळाजी दोनदा उठून चालू लागला आणि दोनदा परत येऊन बसला. शेवटी गोंदाजी म्हणाला, "शाल निम्मी तुझी होती. चुकलं माझं."

"साचा ओला होता," तुळाजी म्हणाला. "मी स्वतः यायला हवं होतं."

दोघांनी मिळून ओतलेली घंटा वाजली. धुकं फाटलं, गलबतं आली. मैनेला राजाने रानात सोडलं. ओतण्याआधी दोघांनी अंगणात समोरासमोर बसून बोलायचं, ही रीत तेव्हापासून त्या राज्यात पडली.

धुक्यात वय वाढत नाही. येसबा तसाच कोवळा उतरला, पिकल्या केसांच्या बापाकडे बघतच राहिला.

"बाबा? सकाळी तर तुम्ही... आणि आई कुठंय? संध्याकाळी घ्यायला येते म्हणाली होती."

गोंदाजीने खांद्यावरची शाल काढून पोराच्या अंगावर घातली.