मंदिराचे दुसरे दार

तुम्ही देवाला सगळे देता. पहिले पीक देता, झाडाचे पहिले फळ देता, गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत प्रार्थना करता. फक्त ज्याचे त्याला परत देत नाही. रागावू नका, मी कोणाचे नाव घेतलेले नाही. ज्याला हे लागेल त्याने ही गोष्ट ऐकावी, आणि ज्याला लागणार नाही त्याने तर जरूर ऐकावी.

पुष्कळ पुष्कळ वर्षे झाली. डोंगराच्या कुशीत येशूच्या भक्तांचे एक गाव होते. गावात दगडी मंदिर होते आणि मंदिराला एकच दार होते, तेही अरुंद. पूर्वजांनी ते मुद्दाम तसे ठेवले होते. ज्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत एकच भाकर आणि एकच प्याला सगळे वाटून घेत, त्या रविवारी भांडण झालेल्या दोघांनी उंबऱ्याबाहेर थांबायचे. जो चुकला त्याने आपली चूक चारचौघांत बोलायची, दुसऱ्याने त्याला हात द्यायचा, मगच दोघांनी आत जायचे. हात मिळाला नाही तर दोघेही बाहेर.

त्या गावात दोन भाऊ राहत. थोरला मंदिराचा पंच होता. त्याच्यासारखी प्रार्थना कोणाला येत नसे. गाऊ लागला की त्याचे डोळे भरून येत, आणि ते खोटे नव्हते. मंदिरातली घंटा त्याची, वेदीवरचे वस्त्र त्याचे, दिव्याचे तेलही त्याचेच.

आई धाकट्याकडे वारली. तिच्या हातात चांदीचे दोन जाड गोठ असत, ते कुठे दिसेनात. माती देऊन लोक परतत होते तेव्हा थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, "आईची सेवा केलीस म्हणे. मजुरी आधीच काढून घेतलीस वाटतं."

धाकटा एवढेच म्हणाला, "दादा, मी घेतले नाहीत."

पण पंचाचा शब्द तो पंचाचा. गावाने धाकट्याला चोर ठरवले.

उन्हाळ्यात थोरल्याची धान्याची कणगी रिकामी झाली. तळाशी जुन्या लुगड्याच्या चिंधीत दोन्ही गोठ होते. शेवटच्या आजारापूर्वी थोरल्याकडे आली असताना, चोरांच्या भयाने आईनेच ते तिथे खुपसले असावेत. थोरला कणगीत वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

आता उंबऱ्यावर बोलायचे कोणी, हे त्याला कळले. चोर म्हणणारा मीच, आणि गोठही माझ्याच घरात, हे अख्ख्या गावासमोर सांगायचे. मग त्याला एक पवित्र विचार सुचला. माणसाला असेच विचार अशा वेळी सुचतात. 'हे गोठ देवालाच देऊन टाकू. देवापेक्षा मोठा मालक कोण?'

त्याने परगावच्या सोनाराकडून प्रभुभोजनाचा प्याला घडवून आणला. सोनाराने एक गोठ आटवला आणि दुसरा प्याल्याच्या बुडाशी कड्यासारखा तसाच बसवला. त्यावर उखळाच्या काठावर आपटून पडलेला पोचा होता. थोरल्याला तो दिसला. 'प्याल्याचं बूड कोण बघतं?' असे म्हणून त्याने प्याला फडक्यात गुंडाळला.

मंदिरात उपासना चालवणाऱ्या पाळकांनी प्याला दोन्ही हातांनी घेतला. चांदी कुठून आली, हे विचारले नाही.

राहता राहिला उंबरा. तिथे धाकटा उभा असे. थोरल्याने मंदिराच्या मागच्या भिंतीला स्वखर्चाने दुसरे दार पाडायचे ठरवले. म्हणाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय होईल.

गावचा गवंडी भिंत ठोकून बघत म्हणाला, "एवढ्याशा मंदिराला दोन दारं? लोकांना आत जायची घाई झालीय की बाहेर पळायची, मालक?"

"तू दगड काढ," थोरला म्हणाला.

दुसरे दार झाले आणि गावाचा जीव भांड्यात पडला. जावा तिथून येऊ लागल्या, बांधावरून भांडलेले शेजारी तिथून येऊ लागले. जुन्या दारात गर्दी उरली नाही. उरला फक्त धाकटा. चुकवून आत जाणे त्याला ठाऊक नव्हते. प्रत्येक प्रभुभोजनाला तो डोक्यावरचे मुंडासे काढून उंबऱ्यापाशी उभा राही. आतून गाणे ऐकू येई. त्यात थोरल्याचा आवाज सर्वांत वर असे.

अशी सात वर्षे गेली.

मग धाकटा तापाने अंथरुणाला खिळला. पाळकांना दया आली. भाकर आणि प्याला घेऊन ते त्याच्या घरी निघाले. प्याला धरण्याचा मान पंचाचा, म्हणून थोरल्याला सोबत जावेच लागले.

धाकट्याने प्याला हातात घेतला. त्याची बोटे बुडाशी गेली आणि त्या पोच्यावर थांबली. लहानपणी आईचा हात धरून चालताना त्याने तो हजारदा चाचपला होता. त्याने मान वर करून भावाकडे पाहिले.

"सापडले तर, दादा."

"काय सापडलं, बाबा?" पाळकांनी विचारले.

धाकट्याने भावावरून नजर हलवली नाही. तो वाट पाहत होता. घरातल्या घरात उंबरा आला होता, आणि बाहेर ऐकायला गावही नव्हते. थोरल्याच्या ओठांपर्यंत शब्द आले. मग तो पाळकांकडे वळून म्हणाला, "काही नाही. तापात बरळतोय."

धाकट्याने प्याला हळूच परत दिला. "मी अजून बाहेरच उभा आहे, पाळकसाहेब," तो म्हणाला. "आत आल्याशिवाय कसा पिऊ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

शवपेटी जुन्या दारापाशी आणली. सात वर्षांनी थोरला त्या दारात आला. उंबऱ्याबाहेर थांबून तो मोठ्याने म्हणाला, "गोठ माझ्या कणगीत होते. मला सात वर्षं ठाऊक होतं. चोर मी आहे." मग त्याने हात पुढे केला. रीतीचा अर्धा भाग त्याने पुरा केला होता. उरलेला अर्धा पेटीत पडून होता.

सगळे गाव तिथे जमले होते. त्यातले निम्मे इतकी वर्षे मागच्या दारानेच आत जात आले होते. पाळक खाली बघत होते. थोरल्याने बरोबर आणलेला प्याला भावाच्या थंड हातांत ठेवला. देणे असे परत गेले, पण घेणारा उरला नव्हता.

त्यानंतर त्याने पूर्वीसारखी प्रार्थना करून पाहिली. शब्द आठवत होते, आवाज फुटत नव्हता.

मुलांनो आणि मोठ्यांनो, वेदीकडे जाणारी वाट भावाच्या उंबऱ्यावरूनच जाते. ती चुकवून नेलेले दान देवाच्या घरी पोचत नाही.

थोरल्याने गवंड्याला बोलावून मागचे दार बुजवायला सांगितले. गवंड्याने दार मापले, थैलीतून थापी काढली आणि म्हणाला, "बुजवतो की, मालक. दगड आहेत माझ्याकडे. जुन्या दारात तुमची वाट बघणारा माणूस मात्र मला घडवता येत नाही."