आठ लुगड्यांची गोधडी

"आता सांगा ठकूमावशी, या खोलीत काय कमी आहे?"

नीलाक्षीने हे विचारलं ते उत्तरासाठी नव्हे, कौतुकासाठी. खोली होतीच तशी. एका भिंतीवर दोऱ्याची रिळं रंगांच्या क्रमाने लावलेली, खिडकीशी शिवणाचं टेबल, त्यावर तिनेच रंगवलेले सुयाबटणांचे डबे. आणि समोरच्या भिंतीवर, लाकडी दांडीला टांगलेली, तिने स्वतः शिवलेली पहिली मोठी गोधडी. रविवारी हौसेने गोधड्या शिवणाऱ्या पंचवीस बायका ही खोली बघायला येणार होत्या.

ठकूमावशी गोधड्या शिवता शिवताच म्हातारपणाला पोचलेल्या. तीन वर्षं नीलाक्षी त्यांच्या खेड्यात जाऊन शिकत होती. आज पहिल्यांदाच मावशी तिच्या घरी आल्या होत्या.

रिळांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. थेट गोधडीपाशी गेल्या. नजर अधू झालेली, म्हणून हाताने चाचपू लागल्या. एक काठ. दुसरा काठ. तिसरा... आठही काठ एकाच जागी झिजलेले.

हात थांबला.

"कवा गेली?"

"कोण?"

"जिची लुगडी हायत ती."

नीलाक्षी हसली. "कुणी गेलं नाही हो मावशी. सासूबाईंची आहेत. त्या आत स्वयंपाकघरात बसल्यात."

तव्याला लागल्यासारखा मावशींनी हात मागे घेतला.

"जित्ती हाय?"

"हो..."

मावशी खाली बसल्या. तीन वर्षांत नीलाक्षीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"घरच्या गोधडीत समद्यांचं असतं. पोरांची झबली, बाप्यांचे सदरे, हिचं लुगडं, तिचं लुगडं. एकीचीच आठ लुगडी एकदम कवा कापत्यात, ठावं हाय का तुला?"

नीलाक्षीला ठाऊक नव्हतं. आता कळलं. तरी तिने आपली बाजू मांडलीच. शिकलेल्या माणसाला ती मांडल्याशिवाय राहवत नाही.

"गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात उचलत नाही, म्हणून गाऊनच घालतात. लुगडी ट्रंकेत नुसती पडून होती, आणि ट्रंक या खोलीतून हलवायचीच होती. शिवाय रंग बघा ना, किती छान जुळलेत..."

"तिला इचारलंस?"

नीलाक्षी टेबलावरचे डबे सरळ करू लागली.

"काय सांगितलंस तिला?"

"...ट्रंक माळ्यावर ठेवलीय, म्हणून."

तेवढ्यात दारात चाहूल लागली. पाहुणी आली म्हणून भिंतीला धरत धरत सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. अंगात फुलाफुलांचा गाऊन, उजव्या मुठीत व्यायामाचा रबरी चेंडू.

त्यांची नजर गोधडीवर गेली.

"हा इरकलीचा काठ तर माझा," त्या म्हणाल्या. मग पुढचा बघितला. "हाही..."

"मी रोज शंभर वेळा चेंडू दाबते गं," त्या सुनेला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "हात वळायला लागला की नेसणार होते."

चेंडू हातातून सुटला आणि टेबलाखाली गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

ठकूमावशी उठल्या. त्यांनी दांडीवरून गोधडी उतरवली आणि सासूबाईंच्या डोक्यावरून पदरासारखी पांघरली. सासूबाईंनी डाव्या हाताने तिचं एक टोक ओढलं आणि ते कमरेशी खोचू लागल्या. गाऊनला खोचायला जागा नव्हती. तरी त्या खोचत राहिल्या.

नीलाक्षीला ते बघवेना. घाबरलेलं माणूस काय बोलून जाईल याचा नेम नसतो. रिकाम्या दांडीकडे बघत ती म्हणाली, "मावशी, रविवारी बायका यायच्यात... मी इथं आता काय लावू?"

मावशींनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"हिचा गाऊन टांग."